आमच्या धुराड्यातून काहीच निघत नाही

१४, टॅनरी स्ट्रीट, थॉर्नबेक
६ डिसेंबर

आदरणीय मेहुणे एमॉस यांस, ऑब्री सगडनचा टोपी काढून नमस्कार.

इकडे मी बरा आहे. तिकडे तुमचा गुडघा, तुमची म्हातारी कुत्री फ्लाय आणि डोंगरावरून खाली आणलेल्या मेंढ्या, सगळे याच क्रमाने बरे असावेत. तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही सर्दीपायी ख्रिसमसनंतर ढकललंत असं कळलं. वाईट वाटलं. (सर्दी नव्हती, भीती होती, असंही कळलं. पण ते मी ऐकलंच नाही असं समजा.) पत्र लिहायला कारणं तीन-चार आहेत आणि त्यातली बहुतेक आभाराची आहेत. तुम्ही ट्रेलर भरून लाकडं पाठवलीत, त्याबद्दल आभार. लिलावात माझ्या शेजारी उभे राहिलात, त्याबद्दलही आभार. आणि माझी बायको, म्हणजे तुमची धाकटी बहीण हेस्टर, गेले सात आठवडे तुमच्याकडे आहे आणि तुम्ही तिला नीट जेवूखाऊ घालताय, त्याबद्दल तर आभार कसे मानावेत हेच मला कळत नाही. तिला परत बोलवायला हे पत्र लिहिलेलं नाही. तिला यायचं तेव्हा ती येईल. मी मजेत आहे. (डबाबंद सूप आणि टोस्ट यांवर सात आठवडे माणूस मजेत राहू शकतो. हे हेस्टरला सांगू नका.)

मूळ भानगड तुम्हाला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो, कारण हेस्टरने तुम्हाला तिची बाजू सांगितली असणार आणि ती खरीच असणार. न्यूमोनियानंतर तिची छाती नाजूक झाली आणि हॉस्पिटल जवळ असावं म्हणून आम्ही डोंगरावरचं घर सोडून इथे आलो. इथे प्रत्येक खोलीत रेडिएटर आहे, ऊब भरपूर आहे, पण हेस्टरचं म्हणणं असं की रेडिएटरकडे बघत बसता येत नाही. जन्मभर विस्तवासमोर बसून विणकाम केलेली बाई; भिंतीवरच्या पांढऱ्या पत्र्याकडे बघून तिच्या टाक्यांचा मेळच लागेना. घराला तोंडच नाही, असं ती म्हणायची. म्हणून मी ठरवलं की हिला बसायच्या खोलीत शेगडी घालून द्यायची. इथपर्यंत माझा हेतू सोन्यासारखा होता, हे कृपा करून लक्षात ठेवावं.

मग आपण दोघं स्केलगिल फार्मच्या लिलावाला गेलो. ती ओतीव लोखंडाची काळी शेगडी तुम्ही हाताने थोपटलीत, गाय थोपटावी तशी, आणि कोपराने मला ढोसलंत. बोली लागली, शेगडी आपली झाली. ती आत न्यायला चार माणसं लागली आणि दाराची चौकट काढावी लागली. पहिल्या दिवशी मी ती तुमच्या घरी भरतात तशी गळ्यापर्यंत भरली आणि पेटवली. एमॉस, तुमच्या फार्मला शेजारी म्हणजे अर्ध्या मैलावरचा एक ओढा. इथे माझ्या धुराड्यापासून शेजारच्या मिसेस ओल्डरॉइडची कपडे वाळत घालायची दोरी तीन हातांवर आहे. त्या दिवशी तिच्या दोरीवर चार पांढऱ्या चादरी होत्या. संध्याकाळी त्या पांढऱ्या नव्हत्या.

आठवड्याने नगरपालिकेचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं, मी ते जपून ठेवलंय. त्यात लिहिलं होतं की हे सगळं गाव धूर-नियंत्रणाच्या हद्दीत येतं. धुराड्यातून धूर काढायला मनाई. साध्या शेगडीत फक्त मान्यता दिलेला बिनधुराचा कोळसा चालेल, आणि लाकूडच जाळायचं असेल तर त्यासाठी तपासून मंजूर केलेली शेगडी हवी. पुन्हा तक्रार आली तर दंड. माझं हे वाचून होतंय तोवर हेस्टर आतल्या खोलीत खोकत होती. तीन दिवस खोकत होती. चौथ्या दिवशी बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ऑब्री, या घरात एक तर हा धूर राहील, नाहीतर मी. तुझं ठरलं की कळव." आणि तुमच्याकडच्या बसमध्ये बसली. जाताना चहाची किटली घेऊन गेली. बाई कपडे घेऊन गेली तर आठवडाभराने परत येते, पण किटली घेऊन गेली म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं लग्नाच्या शेहेचाळीस वर्षांत मला कळलेलं आहे.

तेव्हा मी मंजुरीची शेगडी घ्यायला सरळ शेगड्यांच्या दुकानात गेलो. तिथे मिस क्रॅबट्री म्हणून एक बाई आहेत. त्यांच्याइतक्या धीराची बाई मी दुसरी पाहिली नाही. मी म्हटलं, तुमच्याकडे सगळ्यात मोठी असेल ती दाखवा. त्यांनी खोली केवढी आहे ते विचारलं. मी खोली पावलांनी मोजून गेलो होतो, पण घरातल्या सपातांची पावलं आणि बुटांची पावलं यांत फरक पडतो, हे दुकानात उभा राहिल्यावर ध्यानात आलं. शेवटी मी हेस्टरच्या गालिच्यावरून हिशेब सांगितला. त्या म्हणाल्या, "मिस्टर सगडन, तुम्हाला खोली ऊबदार करायचीय की चर्च?" मग त्यांनी समजावलं की छोट्या खोलीत मोठी शेगडी घातली की माणूस उकडून हैराण होतो, मग हवा कोंडून तिला मंद करतो, आणि मंद कोंडलेली शेगडीच सगळ्यात जास्त धूर ओकते. लहान शेगडी घ्या आणि ती खुशाल धडधडून जळू द्या. लाकडाला हवा वरून लागते आणि ते स्वतःच्या राखेच्या गादीवर छान जळतं. कोळशाला हवा खालून लागते, त्याला जाळी पाहिजे. दोन्ही जाळायचं असेल तर दोन्हीची सोय असलेली घ्या. मी अर्थातच दोन्हीची घेतली. (पुढेमागे काही वाया जायला नको.) एवढीशी शेगडी, बिस्किटांच्या डब्यापेक्षा थोडी मोठी. मनातून मला लाज वाटली. हेस्टरच्या माहेरचा कुणी बघेल तर काय म्हणेल, असं वाटलं. माहेरचा कुणी म्हणजे तुम्हीच.

आता तुमच्यापाशी एक कबुली देतो. शेगडी बसवणारा माणूस आला, धुराड्यातून नवी नळी सोडून गेला, सगळं चोख केलं. तो गेल्यावर मी वाकून पाहिलं तर हवेची दांडी शेवटपर्यंत सरकेना. बोटभर अलीकडेच अडते. नीट बघितलं तर मध्ये एक बारीक स्क्रू. मला वाटलं, बिचारा विसरून गेला. एमॉस, तुमच्याकडे काय, आमच्या जुन्या घरी काय, शेगडी भरून, हवा पूर्ण कोंडून तिला निजवून ठेवणं हे आपल्याला दूध पिण्याआधी शिकवलेलं. जी शेगडी निजत नाही ती कसली शेगडी? मी तो स्क्रू काढला आणि वर स्वतःची पाठ थोपटली. मग शनिवारी दुपारी चॅपलमध्ये ख्रिसमसच्या गाण्यांची तालीम होती म्हणून तुमची लाकडं खच्चून भरली, हवा कोंडली, शेगडीला निजवलं आणि निघालो.

दोन तासांनी परत आलो तर टॅनरी स्ट्रीट सापडेना. माझ्या धुराड्यातून पिवळट करडा धूर निघून सावकाश रस्त्यावर उतरत होता, आणि मिसेस ओल्डरॉइड हाताची घडी घालून पायरीवर उभी. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पाचशे पोरांना जेवण वाढलेली बाई, आवाज अजून तसाच आहे. (नवा पोप निवडताना रोममध्ये निवड ठरेपर्यंत काळा आणि ठरली की पांढरा धूर सोडतात, हे तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल.) ती म्हणाली, "काय रे ऑब्री, अजून ठरत नाहीये वाटतं पोप?" मी मेथॉडिस्ट माणूस, आमच्या पंथात पोपच नसतो. मागून अख्खा गायकवृंद येत होता.

ती मला ढकलून आत शिरली, शेगडीपाशी वाकली आणि म्हणाली, "स्क्रू कुठाय?" मी खिशातून काढून दाखवला. "मेल्या, तो स्क्रू म्हणजेच तर मंजुरी! हवा कधी पूर्ण कोंडता येऊ नये म्हणून मुद्दाम ठोकलेला असतो. तो काढलास की तुझी शेगडी आणि ते लिलावातलं धूड एकच." मग म्हणाली, माझ्याकडे ये. तिच्या घरात गेलो आणि दारातच थबकलो. तिच्याकडे हुबेहूब तीच शेगडी. तीन हिवाळे जळतेय. एमॉस, तिच्या धुराड्यातून कधी काही निघालेलं दिसलं नाही म्हणून आम्हा नवराबायकोला वाटायचं की ही बिचारी विधवा थंडीत कुडकुडत बसते. हेस्टरने दया येऊन तिला स्वतः विणून घोंगडी दिली होती. ती घोंगडी तिच्या मांजराच्या टोपलीत आहे, कारण त्या खोलीत माणसाला घोंगडी सोसवतच नाही.

मग तिने ओलावा मोजायचं एक यंत्र काढलं, दोन सुया टोचायचं. तुमच्या लाकडाला टोचलं. ओलावा वीस टक्क्यांच्या आत असायला हवा म्हणाली. अडतीस आले. मी तिला सांगितलं की हे तुमच्या मेटकाफ घराण्याचं, ॲश नावाच्या झाडाचं लाकूड आहे, तुमच्या दरीत ॲश ओलं असलं तरी जळतं असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दावा आहे. ती म्हणाली, जळतं रे, पण आधी स्वतःचं पाणी उकळतं, आणि ते पाणी मग माझ्या चादरींवर येतं. मला लाज वाटली. तुमच्या लाकडाची नाही, माझी. ज्या बाईच्या चादरी मी दोनदा काळ्या केल्या तिने त्याच संध्याकाळी माझा स्क्रू स्वतःच्या हाताने परत बसवला, स्वतःची सुकी लाकडं टोपलीभर आणून दिली आणि शेगडी पेटवून दाखवली: लहान लाकडं, वरून आग, हवा मोकळी, ज्योत दिसत राहिली पाहिजे. मी बाहेर जाऊन धुराड्याकडे मान वर करून पाहिलं. काहीच नाही. पाव तास मी ते काहीच नाही बघत उभा होतो. येणारे-जाणारे थांबून माझ्याबरोबर वर बघायचे आणि काय आहे म्हणून विचारायचे. मी अभिमानाने सांगायचो, काही नाही.

पण एक गोष्ट राहून गेली. त्याच शनिवारी, पडद्यांना धुराचा वास असताना, हेस्टरचा फोन आला होता की सोमवारी येऊ का. मी म्हटलं, घाई नको, मी तालमीत गुंतलोय. ती म्हणाली, बरं, म्हणजे माझ्यावाचून तुझं छान चाललंय. आणि फोन ठेवला. तेव्हापासून ती फोनवर येत नाही, तुम्हीच उचलता आणि हवापाणी सांगता. खरं सांगतो, त्या खोलीत ती पुन्हा खोकली असती तर मला सहन झालं नसतं. धूर पाहिला असता तर पुढच्याच बसने परत गेली असती आणि या वेळी कायमची. म्हणून खोटं बोललो. (हे तर तिला मुळीच सांगू नका.) पुढचा आठवडाभर मी पडदे दोनदा धुतले, गालिचा झोडपला, भिंती पुसल्या. मिसेस ओल्डरॉइड रोज येऊन नाक वर करून हुंगते. काल म्हणाली, पास.

तेव्हा पुन्हा एकदा सगळ्याबद्दल मनापासून आभार. गुडघ्याला शेकत जा, आणि ऑपरेशन आणखी लांबवू नका.

तुमचा कृतज्ञ मेहुणा,
ऑब्री

ता. क. तुमची लाकडं मागच्या अंगणात लिलावातल्या शेगडीवर पत्र्याखाली रचून ठेवली आहेत. दोन हिवाळ्यांनी उत्तम जळतील. तेव्हा आणखी पाठवायची असतील तर जरूर पाठवा, अख्ख्या गल्लीला पुरतील इतकी होतील, पण ती लगेच जाळली जातील अशी आशा ठेवू नका.

आणखी ता. क. ते यंत्र मिसेस ओल्डरॉइडने मला दिवसभरासाठी दिलं होतं. माझी काठी अकरा, चॅपलमधलं बाक चौदा, ख्रिसमसचं पुडिंग यंत्राच्या आवाक्याबाहेर. हेस्टरची खुर्ची बारा. ती शेगडीसमोर ठेवली आहे. तिच्यात मी बसत नाही.

शेवटचं ता. क. एमॉस, तुम्हाला सप्टेंबरपासून वर्तमानपत्राचा मथळासुद्धा वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणजे हे पत्र तुम्हाला कोण मोठ्याने वाचून दाखवतंय तेही ठाऊक आहे, आणि "हेस्टरला सांगू नका" हे तिनेच तिच्या तोंडाने दोनदा वाचलं असणार. (एक अजून यायचंय.) तर हेस्टर, माझं कधीचंच ठरलंय. धूर गेला. तुझ्यावाचून माझं अजिबात छान चाललेलं नाही. शनिवारी दोनच्या बसला मी थांब्यावर उभा असेन. गल्लीत वळलीस की धुराड्याकडे बघ, काहीच दिसणार नाही, म्हणजे शेगडी पेटलेली आहे. मी रोज चार वाजता ती पेटवतो आणि कप दोन काढतो. (हे एमॉसला सांगू नकोस.) किटली आण.