चौदा वह्यांतल्या ठरावाची नक्कल मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य समन्वयक,
परदेशी राजनैतिक अधिकारी प्रशिक्षण वर्ग (संसद, शासन व पंचायत),
शिबिर कार्यालय, वर्धा.

अर्जदार: सौ. मनकर्णा मनोहरराव कुबडे, वय ४९, धंदा भाजीपाला, मौजा सावंगखेडा (वडनेरजवळ), ता. हिंगणघाट.

विषय: आपल्या विद्यार्थ्यांनी आमच्या ग्रामसभेत मोजलेल्या हातांच्या नोंदीची नक्कल मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या वर्गाची आमच्या गावची भेट, दि. १३ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

१. आपला देश कसा चालतो हे शिकायला आलेल्या परदेशी वकिलातींच्या चौदा अधिकाऱ्यांना दिल्ली-मुंबई दाखवून झाल्यावर आपण आमची ग्रामसभा दाखवायला आणले, त्याबद्दल प्रथम आभार. तीन वर्षांत आमची सभा भरली ती त्याच दिवशी. एरवी शंभर माणसे लागतात आणि तीस येतात, म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते हे मला ठाऊक आहे. पण तिला सरपंच, ग्रामसेवक आणि शिपाई एवढेच हजर असतात, आणि तिघांच्याही वाटेत नाला नाही.

२. माझ्या वाटेत आहे. आमच्या शेताच्या पांदण रस्त्याला नाला आडवा जातो, त्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बांधावा अशी मागणी तीन वर्षांपासून आहे. गेल्या श्रावणात माझे यजमान मनोहरराव वांग्यांचे कॅरेट खांद्यावर घेऊन त्या नाल्यात घसरले व मांडीचे हाड मोडले. चौघांनी बाजेवर घालून त्यांना अलीकडे आणेपर्यंत दीड तास गेला. तो दीड तास मी जन्मात विसरणार नाही. तेव्हापासून ते घरी बसून मला शेतीचे सल्ले देतात, तो त्रास निराळा.

३. दि. १३ च्या सभेत रपट्याचा विषय निघाला. कायदा दिल्ली-मुंबईच्या सभागृहांत होतो, पण गावाचे काम गाव हात वर करून ठरवते, असे आपण पाहुण्यांना इंग्रजीत सांगितले. माझी मुलगी अंकिता हिंगणघाटला कॉलेजात शिकते, तिने मला अर्थ सांगितला. मग आपण प्रत्येक पाहुण्याला, धडा म्हणून, हात मोजून वहीत लिहायला लावले. मी दोन्ही हात वर केले होते, एक माझा व एक यजमानांचा. त्यावर पाहुण्यांतल्या एका उंच बाईंनी विचारणा केली, एका माणसाला एकच मत असे आपण सांगितले, आणि मी एक हात तात्काळ खाली घेतला. एवढ्या कडक मोजणीत १४२ हात भरले. चौदाही वह्यांत १४२ च आले. विरोधात कोणी नव्हते.

४. आठवड्याने मी ठरावाची नक्कल मागायला गेले, तर इतिवृत्ताच्या वहीत ठरावच नाही. ग्रामसेवकांचे म्हणणे असे की, "काकू, ते पावन्यांले दाखवासाठी होतं. खरी सभा थोडीच होती ते." मी म्हटले, "मंग आमाले हात काऊन वर कराले लावले?" त्यावर त्यांनी मला चहा पाजला. चहा बरा होता.

५. सबब, आमच्या गावाने घेतलेला निर्णय आज चौदा देशांच्या दप्तरी आहे आणि आमच्या पंचायतीत नाही. तरी त्या वह्यांच्या संबंधित पानाची सही केलेली नक्कल मागवून द्यावी. भाषा कोणतीही चालेल, आकडा आम्हांला वाचता येतो. सभा खोटी होती असे आपलेही मत असल्यास तसे त्या चौदा जणांना लेखी कळवावे. लांबून आलेल्या माणसांना चुकीचे शिकवून पाठवणे बरे दिसत नाही, उद्या ते आपापल्या देशात तसेच करू लागतील.

६. कामांची यादी ३१ मार्चच्या आत वर जाते. ती चुकली की पुढचा पावसाळाही नाल्यातूनच. माझा पाठपुरावा पाहून ग्रामसेवकांनी २० मार्चला पुन्हा सभा लावली आहे, ही त्यांची मेहेरबानी. लोक जमवायचे काम माझ्याकडे आले. मी घरोघरी फिरले. यशोदाबाईंपासून पानठेलेवाल्या ताराचंदपर्यंत सगळ्यांनी एकच विचारले, "पावने येऊन राह्यले का?" मी सहसा खोटे बोलत नाही. या वेळी मी "हो" म्हटले, आणि प्रत्येक घरी म्हटले. आता सगळा गाव यायला तयार आहे, काहींनी कपडे इस्त्रीला टाकले आहेत.

७. तरी दि. २० ला सकाळी अकरा वाजता कोणीही एक परदेशी अधिकारी पाठवावा. देशाची अट नाही. आणि कोणालाच सवड नसल्यास, तसे कळवणारे पत्र २१ तारखेच्या आधी गावात पोचणार नाही अशा बेताने टपालात टाकावे, ही विनंती.

आपली नम्र आणि २० तारखेला नक्की हजर,
सौ. मनकर्णा मनोहरराव कुबडे
मौजा सावंगखेडा, दि. १० मार्च २०२५

सोबत: १) सभेचा फोटो. २) यजमानांच्या मांडीच्या एक्स-रेची छायाप्रत.