फुकटचं दुसरं कार्ड

गुरुवार, ऑक्टोबर २०१६. चिक्कडपल्ली.

त्या मोठ्या स्टोअरचं क्रेडिट कार्ड घेतलं एकदाचं. काउंटरवरच्या मुलीने दोन दाखवली, एक साधं, एक फॅमिली. फॅमिलीवर दुसरं कार्ड फुकट. "अम्मा, दूसरा किसके नाम पे?"

काय सांगणार? हे गेले. राज्याची वाटणी झाली, ऑफिसं फुटली, मोहन सूनबाईला घेऊन विजयवाड्याला गेला.

तोंडातून निघालं, "नको."

"नक्को? तो सादाइच लेलो, अम्मा."

फुकटचं सोडलं! मोहनचं नाव द्यायचं होतं का? पण तो इथे येऊन काय घेणार?

आणि माझं मराठी तिला कळलं कसं? घरी आल्यावर उमगलं, त्यांच्या दख्खनी उर्दूतही 'नको'ला 'नक्को'च म्हणतात.

दिवसभरात मी मराठीत बोलले तो एवढा एकच शब्द.