ट्रंकेतल्या तुकड्यांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या वस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे लावावी. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी मला तपासले आहे. सुईत दोरा मी अजून चष्म्याशिवाय ओवते, हेही त्यांनी पाहिले.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला.

२. शिलाई मशीन समोरच्या रफूवाल्याला. ते कुरकुरते, तेल द्यावे, शिव्या देऊ नयेत.

३. माझी मोठी कात्री वीस वर्षांपूर्वी नणंदेने नेली आणि आपण ती पाहिलीसुद्धा नाही म्हणाली. ती कात्री मी या लेखाने तिलाच देते. आता तिने ती उजळ माथ्याने वापरावी.

४. ट्रंक. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. शिवलेल्या प्रत्येक कपड्याचा बोटभर तुकडा मी ठेवत आले, त्याला टाचणीने चिठ्ठी: नाव, माप, महिना. मुलगी म्हणे, हा पसारा टाक आणि माझ्याकडे राहायला ये. ट्रंकेपायी मी तीन वर्षे गेले नाही. आमचे बोलणेही तुटत आले होते.

गेल्या हिवाळ्यात शहर बस चालवणारी एक बाई गणवेशाची उसवलेली बाही घेऊन आली. पन्नाशीची असेल. उघड्या ट्रंकेतले तुकडे पाहून तिने विचारले, माझी आई याच गल्लीत राहायची, तिचे काही असेल का? ती दोन वर्षांची असताना आई गेली, पुढे घराला आग लागली आणि फोटोसुद्धा उरला नाही. आम्ही दोन दुपारी शोधले. निळ्यावर पांढरे ठिपके. चिठ्ठीवर आईचे नाव आणि माझ्या अक्षरात: सातवा महिना, पोटावर चार बोटे सैल.

तिने तुकडा तळहातावर पसरला आणि म्हणाली, "मावशी, म्हणजे या झग्यात मीही होते."

जन्मभर मापे घेतली, पण त्या दिवशी दोन जिवांचे माप घेतले होते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. माझ्याच ट्रंकेसमोर मला मोठ्याने बोलवेना.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला बोलावून घेतले. चिठ्ठ्या वाचून आम्ही निरोप धाडले, जिन्यात पाटी लावली. लोक येत राहिले. एका म्हाताऱ्या गवंड्याने बायकोच्या पोलक्याचा तुकडा डोळ्यांना लावला. एक बाई मात्र दारातूनच परतली. विसरायला फार वर्षे लागली, म्हणाली. प्रत्येकाच्या मागे दार लावून मी क्षणभर तिथेच उभी राहत असे.

५. एकशे बारा तुकडे उरले. ते माझ्यामागे टाकून द्यावेत, असे मी लिहीत होते, तेवढ्यात मुलीने हात धरला. "आई, ते खोडून टाक. कोणीतरी येईल." ट्रंक तिच्या बैठकीच्या खोलीत राहील, असे तिचे म्हणणे. ही माझी अट नव्हे, तिचा हट्ट आहे. तो मला मान्य आहे. किल्ली तिला दिली. उद्या मी तिच्याकडे राहायला जाते.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. कलम पाचमधली खाडाखोड माझ्याच हातची आहे.

लिहून ठेवणार: शिवणवाली (सही)
साक्षीदार: १. तळमजल्यावरचे डॉक्टर (सही) २. शहर बसची चालक (सही)
स्थळ: राहते घर
दिनांक: अकरा नोव्हेंबर