सोलवेगचे कंद

मी, अल्मा टोरगर्सन, कै. नेल्सची पत्नी, वय ७९, राहणार हॅल्विग, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी असावे लागते.

१. घर, जमीन व बँकेतील शिल्लक मुलगा आर्डेल याला. घर तो विकणारच आहे, विकू द्यावे.

२. फावडे आणि कंद वाळवायच्या जाळ्या मागेल त्याला. कोणी मागणार नाही.

३. ग्लॅडिओलसचे कंद. माझी मुलगी सोलवेग, तिने सतराव्या वर्षी दोन जातींचा संकर करून बी पेरले. बियाला फूल यायला चौथा उन्हाळा उजाडतो. त्याआधीच्या हिवाळ्यात ती न्यूमोनियाने गेली. ऑगस्टमध्ये फुले आली, केशरी, गळ्याशी दुधी. ही जात जगात फक्त माझ्या अंगणात आहे. जमिनीत राहिले तर कंद थंडीने मरतात, म्हणून एकतीस वर्षे मी ते दर शरदात खणून काढते, तळघरात गारव्याला ठेवते, मे महिन्यात पुन्हा लावते.

गेल्या वर्षी माझी हाडे दुखतात म्हणून आर्डेलने मला न विचारता तळघरात घर तापवायची भट्टी बसवली. मायेनेच बसवली. जानेवारीतच कंदांना कोंब फुटले आणि सगळे सुकले. नऊच काय ते वाचले. "अगं आई, दुकानात पिशवीभर मिळतात की," तो म्हणाला. मी म्हटले, "बरं बाळा." ते बरे नव्हते. कंद त्याला देत नाही.

शेजारीण व्हर्ना क्विस्टशी जत्रेतल्या फुलांच्या पहिल्या बक्षिसावरून बावीस वर्षे अबोला होता. परवा नाक मुठीत धरून तिच्याकडे गेले, कंद सांभाळशील का विचारायला.

"अल्मा, मी ऐंशीची झाले गं," ती म्हणाली. "खणायला वाकले तर मलाच उपटायला माणूस लागेल."

मग आम्ही दोघी रडलो. तिला काही मिळत नसल्याने ती साक्षीदार चालते, असे वकील म्हणतात.

४. आता मला कोणाचीच आशा नाही. मी जाईन तेव्हा नऊही कंद, जमिनीत असतील तर पानाफुलांसकट खणून, माझ्या शवपेटीत ठेवावेत. तेवढ्या खोलवर गोठवणारी थंडी पोहोचत नाही. तिथून कोंबही वर येत नाही, हे मला कळते. पण माझ्या पोरीला मी उघड्यावर गोठू देणार नाही.

सही: अल्मा टोरगर्सन
साक्षीदार: व्हर्ना क्विस्ट (शेजारीण), लॉइड एकडाल (पोस्टमन)
हॅल्विग, ५ ऑक्टोबर १९७८