विरजणाचं पाणी

६ मे
वेनिंगने गॅसच्या टाकीची नळी थेट माझ्या चुलीपाशी आणली. म्हटलं, भडका उडाला तर? माझी लारास इथंच रांगते.
"वहिनी, चुलीचा धूर तिला रोज खातोय, त्याची नाही वाटत भीती?"
नळी राहू दिली. नणंद यंत्रांची इंजिनियर, अजून पुढचं शिकतेय. मी पाचवी शिकलेली.

१५ मे
पोरीचा खोकला तसाच.

२८ मे
टाकीत शेण आणि आमच्या ताहूचं पाणी. सोयाबीनचं दूध फाडून पनीरासारखा ताहू करतो, मग उरतं ते. त्याचा गॅस होणार म्हणे. तीन आठवडे काडीवर काडी — फुस्स. माझा नवरा पार्जो बहिणीबद्दल म्हणतो, "गाड्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून हिला सांडपाणी जाळायचंय." सासूबाई माझ्याकडे बघतात. लारासच्या खोकल्याचं रडगाणं मीच गायले ना, तेव्हा हिने इंजिनं सोडून हे धरलं. चोवीस जूनला तिचे कॉलेजचे सर टाकी बघायला येणार. तोवर जाळ दिसला नाही तर कारखाना.
नळी निघेल म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

३१ मे
सासूबाई सकाळीच कडाडल्या, "विरजण कोण पळवतंय?" कालचं पाणी आंबवून मडक्यात ठेवतो, त्याने आजचं दूध फाटतं. बघते तर वेनिंग त्याच मडक्यातून बादली भरतेय. टाकीला जवळ पडतं म्हणे!
म्हटलं, अगं, ते आंबटढाण. ताजं घे की.
तिने कपाळाला हात लावला. "म्हणून गॅस करणारे जंतू मरतायत. सहा वर्षं शिकले, वहिनी."
सासूबाई म्हणाल्या, "ताहू करायला नाही शिकवलं वाटतं."
हसून पोट दुखलं. आंबटपणा मारायला टाकीत चुना टाकला, नवं शेण घातलं.

२२ जून
पेटला. निळा, बोटभर. मी लारासला घेऊन अंगणात पळाले. तिथूनच बघितला.

२४ जून
सर आले. वेनिंगने तीन काड्या मोडल्या. सर घड्याळ बघायला लागले. मग मीच घेतली पेटी. डोळे मिटून लावली.
"डोळे मिटून चूल पेटवणारी सून माझ्याच नशिबी," सासूबाई.
सर त्याच जाळावरचा चहा प्यायले. दोनदा.

१० जुलै
चार दिवस लारास खोकली नाही. कुणाला सांगितलं नाही. दृष्ट लागायची.

१ ऑगस्ट
वेनिंग बांडुंग शहरात गेली. याच कामाला, तीन वर्षं. चुलीशी बसून रडत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. धुरावर ढकलावं तर धूर कुठाय. वर बघितलं — त्यांचेही डोळे लाल.