बाबांच्या वतीने

३ फेब्रुवारी, सोमवार
कालच्या नोंदीत दुरुस्ती. बाबांनी आंघोळीला नकार दिला असं लिहिलं होतं. चूक. ते "बघू" म्हणाले होते. नकार मी गृहीत धरला. चुकीचं लिहिलेलं तसंच ठेवायचं नाही, हे बाबांनीच शिकवलं. मला शाळेत घालण्याआधी सगळं त्यांनीच शिकवलं. आंघोळ झाली नाही, हे मात्र बरोबर लिहिलंय.

४ फेब्रुवारी
दवाखाना. बाबांचं हृदय कमजोर झाल्यापासून दर महिन्याला जावं लागतं. नर्सने बाबांना विचारलं, कशात मन लागतं का, जगण्याचा कंटाळा येतो का. बाबा नुसते विचार करत बसले. मागे रांग. म्हणून मीच सांगितलं: मन लागतं, कंटाळा नाही, आमच्याकडे असलं काही नसतं. नर्स म्हणते, "ताई, पेशंट नक्की कोण?" उद्धट बाई.

६ फेब्रुवारी
संकल्प: बाबांना आळशी होऊ द्यायचं नाही. आजपासून शर्टाची बटणं त्यांची त्यांनीच लावायची.
सकाळी साडेनऊ. दोन बटणं लावून थांबले. दम लागला म्हणाले. मला ऑफिसला उशीर होत होता. उरलेली मी लावली. उद्यापासून नक्की.

९ फेब्रुवारी, रविवार
बाबांचं घड्याळं दुरुस्त करायचं टेबल आवरलं. तसेही हल्ली बसत नाहीत तिथे. स्क्रू, चिमटे, भिंग, सगळं माळ्यावर. बाबा बघत होते. शाबासकी राहू दे, भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवायलाही उठले नाहीत. मला छळायचं, दुसरं काय!

११ फेब्रुवारी
आत्या आली. मी औषधं आणायला गेले, तेवढ्यात तिने बाबांना मटार सोलायला बसवलं. हृदयाच्या पेशंटला! येऊन बघते तर बहीण-भाऊ खिदळतायत. मी ताट काढून घेतलं. आत्या म्हणाली, "पाळणाच आण गं एक. बापाला घाल आणि दे झोके." बाबा हसायचे थांबले. याला जबाबदार आत्या. तिच्याशी बोलणं बंद.
संध्याकाळी तिचा फोन. उचलला. फक्त हं, हं केलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
नर्सने चुगली केली असणार. डॉक्टरांनी मुद्दाम बोलावून घेतलं. बाबांना विचारलं, कसं वाटतंय? बाबा म्हणाले, "हिला विचारा. मला हल्ली कोणी कळवत नाही."
मी हसले. बाकी कोणी हसलं नाही.
डॉक्टर म्हणाले, हृदय आहे तसंच आहे, पण माणूस खचलाय. या आजारात होतं असं, त्यावर उपचार आहेत. सोमवारी पुन्हा घेऊन या, त्यांच्याशी एकट्याशी बोलायचंय. मी म्हटलं, त्यांना सगळं आठवत नाही, मी असते ना सोबत. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बाहेर."
मी काय परकी आहे?

१४ फेब्रुवारी
बाबांकडून उत्तरांची तयारी करून घ्यायला बसले. मन लागतं का, असं विचारलं तर काय सांगायचं? बाबा म्हणाले, "तूच जा बाई. मी घरी थांबतो."
मी रागावून आत गेले. रडले नाही.
दुरुस्ती: रडले.
ते माझ्याविषयी काय सांगतील, ते मला कळणार नाही. विचारायचंही नाही. बाबांना डॉक्टरांच्या खोलीच्या दारापर्यंत सोडायचं आणि बाहेरच्या बाकावर बसायचं. सोमवारी, १७ फेब्रुवारीला.