फळ्यांवर पांढरी भिंत

आई, गिरीज गावातल्या आपल्या घरातली मधली खोली तुला कधीच आवडली नाही. बाबांनी हौसेने तिच्या चारी भिंतींना सागाच्या फळ्या ठोकून घेतल्या आणि तू जन्मभर त्या फळ्यांच्या नावाने बोटं मोडलीस. "भर दुपारी दिवा लावायचा, हे घर आहे की तळघर!" तरी दरवर्षी दसऱ्याआधी पदर खोचून त्याच फळ्यांना जवसाचं तेल पाजायचीस, मला हातही लावू द्यायची नाहीस. बाबा गेल्यावरही दोन्ही चालू राहिलं, तक्रार आणि तेल.

डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले, तेव्हा वाटलं, निदान आता तरी तुला उजेडाची खोली मिळू दे. बाबांच्या फळ्या उखडायला मन होईना. मिस्त्रीला म्हटलं, वरूनच काहीतरी लाव. जिप्समचे बोर्ड तेव्हा आपल्याकडे नवीनच निघाले होते. सातिवलीच्या एका गोडाऊनमधून त्याने पातळसे आणले, फळ्यांवरच स्क्रूने आवळले, सांधे बुजवून पांढरा रंग मारला. खोली अशी उजळली की मी एकटीच उभी राहून हसले.

तुला स्ट्रेचरवरून आत आणतात. तू डोळे उघडतेस, भिंतींवरून नजर फिरवतेस, मी कौतुकाची वाट बघतेय. तू म्हणतेस, "वॉर्ड बदलला वाटतं." मग रोज तेच, "घरी कधी नेतेस गं मला?" हे घरच आहे म्हटलं की तू माझ्याकडे, थापा मारणाऱ्या नर्सकडे बघावं तशी बघायचीस. शेवटी मी हातोडीने तुझ्या उशीजवळचा बोर्ड फोडला. पांढरा भुगा चादरीवर सांडला. तुझा हात धरून आतल्या फळीवर टेकवला. बोटं हळूहळू फिरली, तुला हसू आलं. मला वाटलं, जिंकले. "आमच्या घरीपण अश्शाच फळ्या आहेत," तू म्हणालीस, "यंदा तेल लावायचं राहिलं बघा."

त्यानंतर तू फार दिवस काढले नाहीस. अजूनही लोक म्हणतात, भाग्यवान बाई, स्वतःच्या घरात डोळे मिटले. मी मान डोलावते. हा कागद कुठे पाठवायचा नाही म्हणून एवढं लिहिते. तू घरी पोचलीच नाहीस, आणि हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.